सीपीयूआयडीचे रिप्रोड्यूसिबल पॅकेजिंग

सीपीयूआयडी हा लिनक्सवरचा छोटा मुक्त प्रोग्रॅम आहे. प्रोसेसर कोणत्या कंपनीचा, कोणत्या पिढीचा, त्याला कोणत्या सूचना (इन्स्ट्रक्शन) कळतात, हे तो प्रोसेसरलाच विचारून छापतो. ज्या सूचनेवरून त्याला नाव मिळाले ती इंटेलने १९९३ मध्ये पेंटियमबरोबर रूढ केली. रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील छोट्या साठ्यात) शून्य ठेवून ती चालवली की कंपनीची ओळख सांगणारी बारा रोमन अक्षरे मिळतात : इंटेलच्या चिपवर ‘जेन्युइनइंटेल’, एएमडीच्या चिपवर ‘ऑथेंटिकएएमडी’.

एकाच सोर्स कोडपासून (प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरापासून) कुणीही, कधीही बांधली तरी फाइल बिट न बिट सारखीच निघावी, याला रिप्रोड्यूसिबल बिल्ड म्हणतात. डेबियन या लिनक्स वितरणात या कामाने २०१३ पासून जोर धरला. निक्स आणि गीक्स या पॅकेज व्यवस्थांची तर रचनाच त्याला पोषक आहे. मिळालेली बायनरी (बांधून तयार झालेली फाइल) जाहीर केलेल्या सोर्समधूनच आली का, हे कोणालाही स्वतः पडताळता येते, हे त्याचे खरे मोल.

सीपीयूआयडीच्या बाबतीत एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. ‘हा प्रोसेसर कोणता?’ हा प्रश्न प्रोग्रॅम चालताना विचारायचा, बांधताना कधीही नाही. जीसीसी या कंपायलरला (सोर्सपासून बायनरी बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘मार्च नेटिव्ह’ हा पर्याय दिला, तर कंपायलर स्वतःच सीपीयूआयडी सूचना चालवतो आणि समोरच्या चिपला साजेसा कोड काढतो. मग दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या बायनरी निघतात. नव्या चिपवर बांधलेली जुन्या चिपवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळूही शकते. चाचणीलाही हेच लागू आहे. बिल्डमध्ये प्रोग्रॅम चालवून उत्तर ताडून पाहिले तर ते यंत्रागणिक बदलणार. त्यापेक्षा ‘आर’ पर्यायाने एकदा काढून ठेवलेली प्रोसेसरच्या उत्तरांची कच्ची हेक्स (षोडशमान आकड्यांतील) नोंद ‘एफ’ पर्यायाने वाचायला द्यावी. तेव्हा प्रोग्रॅम खऱ्या चिपकडे वळतच नाही.

बाकीचे अडथळे नेहमीचेच. फाइल दाबून लहान करणारे जीझिप मॅन पेजच्या (प्रोग्रॅमच्या माहितीपानाच्या) मूळ फाइलची वेळ हेडरमध्ये लिहून ठेवते. ‘एन’ पर्यायाने ती गळते. सी भाषेतील, बांधतानाची तारीख-वेळ भरणारे मॅक्रो ‘सोर्स डेट इपॉक’ या चलाने बांधून ठेवता येतात. जीसीसी ७ पासून ते मानते. सीपीयूआयडीच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे एक तारीखच असते, उदाहरणार्थ २०२३०६१४, पण ती सोर्समधून येते, बिल्डच्या घड्याळातून नाही, म्हणून निर्धोक. सोबतच्या पर्ल भाषेतील स्क्रिप्टची पहिली ओळ (पर्ल कुठे आहे हे सांगणारी) मात्र गीक्समध्ये बदलावी लागते, कारण तिथे पर्ल नेहमीच्या जागी नसून नावात हॅश (बिल्डच्या घटकांवरून काढलेला सांकेतिक क्रम) असलेल्या स्टोअर फोल्डरात असते. शिवाय ही सूचना एक्स८६ या (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसर घराण्याचीच आहे. गीक्स एआरएम या वेगळ्या घराण्यावरही चालते, त्यामुळे पॅकेजच्या व्याख्येत फक्त ३२ आणि ६४ बिट एक्स८६ नोंदवावे लागते.

पडताळणीसाठी गीक्सचा ‘चेक’ पर्याय तेच पॅकेज पुन्हा बांधून आधीच्या फाइलशी ताडतो. फरक निघालाच, तर तो नेमका कोणत्या बाइटमध्ये आहे हे फाइलींची तुलना करणारे डिफोस्कोप उलगडून दाखवते.