स्टाउट आंबून झाली का? बुडबुड्यांना विचारू नका

मोहाच्या सडव्याला (आंबत ठेवलेल्या मोहफुलांच्या पाण्याला) कान लावायचा, खदखद ऐकू येईनाशी झाली की ‘झालं’ म्हणायचं, ही विदर्भातली जुनी रीत. स्टाउट, म्हणजे काळी बीअर, आंबवणारे मडक्याऐवजी बादलीच्या झाकणावरचा एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली नळी) बघतात. फसगत दोघांचीही सारखीच.

बुडबुडा एवढंच सांगतो की वायू बाहेर पडतोय. तो आत्ताच तयार झाला असं मुळीच नाही. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 0.88 लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, 30 अंशांना जेमतेम 0.66. थंडी ओसरून 20 लिटरची बादली तेवढी तापली, तर आंबणं कधीचं संपलेलं असूनही चारेक लिटर वायू बुडबुडत निघतो. उलट झाकण सैल असेल तर आंबण्याच्या भरातही एअरलॉक गप्प! काडी पेटवून तोंडाशी धरण्याची युक्तीही फोल. वायू हवेपेक्षा जड, काम संपल्यावरही भांड्यात बसून राहतो आणि काडी विझवतो. आणि बीअर बनवायच्या तयार किटवरचं ‘7 दिवसांत तयार’ ही निव्वळ जाहिरात.

विचारायचं असेल तर हायड्रोमीटरला. डेअरीत दुधात बुडवतात त्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ: द्रव जितका दाट, तितका वर तरंगतो; साध्या पाण्यात 1.000 दाखवतो. साखर पाण्याला दाट करते, यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) ती खाऊन अल्कोहोल करतं, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं (घनता 0.789). म्हणून 1.055 पासून सुरू झालेला आकडा खाली येत जातो. मोहफुलातली जवळजवळ सगळी साखर यीस्टला पचते, त्यामुळे तिथे तो 1.000 च्याही खाली जाऊ शकतो. स्टाउट बहुधा 1.012 ते 1.016 ला थांबते, कारण माल्टमधले (मोड आणून वाळवलेल्या धान्यातले) डेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, यीस्टला तोडता येत नाहीत. दुधातली साखर घातलेल्या मिल्क स्टाउटमध्ये 20 लिटरला 250 ग्रॅम लॅक्टोज (हीच ती साखर, यीस्टला न पचणारी) असेल, तर आकडा आणखी 0.005 वरच राहतो. ते अडकलेलं आंबणं नव्हे.

आपली बादली नेमकी कुठे थांबणार, हे आधीच काढता येतं. सुरुवातीलाच 250 मिलिलिटर द्रव वेगळ्या बाटलीत घ्या, त्यात भरपूर यीस्ट घाला, तोंड सैल झाका आणि 25 अंशांच्या आसपास ठेवून अधूनमधून हलवा. दोन-तीन दिवसांत ती बाटली तळ गाठते. तो आकडा म्हणजे बादलीचा मुक्काम.

बादलीचा आकडा तिथे पोचला आणि दोन-तीन दिवस हलला नाही, की आंबणं संपलं. पण खरी गोम इथेच आहे. समजा, फेब्रुवारीत टिनाच्या खोलीत दुपारी नमुना घेतला, वायू निघून जावा म्हणून बाजूला ठेवला. तो 34 अंशांवर, आकडा 1.016. दोन दिवसांनी पहाटेचा नमुना 18 अंशांवर, आकडा पुन्हा 1.016. हललाच नाही? गरम द्रव फुगून पातळ होतो, हायड्रोमीटर त्यात जास्त बुडतो. 20 अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर 34 ला सुमारे 0.004 कमी दाखवतो, 18 ला जवळपास बरोबर. म्हणजे खरे आकडे 1.020 आणि 1.016. आंबणं जोरात चालू होतं, उन्हानं ते झाकलं.

ही चूक किती महाग पडते? 0.001 घसरण म्हणजे लिटरमागे साधारण 1 ग्रॅम, म्हणजेच अर्धा लिटर, वायू. बीअरमध्ये आधीच विरघळलेला वायू आणि बाटली भरताना लिटरला घातलेली 5 ग्रॅम साखर मिळून लिटरमागे दोनेक लिटर वायू होतो. उरलेले 0.004 त्यात आणखी दोन लिटर घालतात. साध्या बाटलीला लिटरमागे तीनेक लिटरच्या वर फुटण्याचा धोका असतो.

म्हणून नमुना प्रत्येक वेळी 20 अंशांवर आणा, माठातल्या पाण्यात नमुन्याची नळी धरली तरी चालेल. वाचण्याआधी दोन पेल्यांत ओतून वायू काढा. दांडीला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटर उचलतात आणि आकडा फुगतो. स्टाउट काळीकुट्ट, दांडीभोवतीच्या वक्राचा तळ दिसत नाही. वरची कड वाचा, पण दर वेळी तीच. हायड्रोमीटरच्या चिठ्ठीवर कोणतं तापमान छापलंय तेही पाहा, काही 15.6 अंशांचे असतात.

संत्रावाल्यांचा ब्रिक्स मीटर (रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारा) इथे चालत नाही. अल्कोहोल प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे संपलेली स्टाउटही 7 च्या आसपास ब्रिक्स दाखवते. साध्या तक्त्यात बघाल तर ते 1.028 भरतं.

परवान्याशिवाय घरी दारू करणं महाराष्ट्रात 1949 च्या कायद्यानं गुन्हा आहे, वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच. पण जांभळाचा सिरका करणाऱ्यालाही हेच मोजमाप लागतं. तिथेही आधी साखरेचं अल्कोहोल व्हावं लागतं, मगच हवा लागू देऊन त्याचं आम्ल होतं. हायड्रोमीटर थांबण्याआधी झाकण काढलं, तर आम्ल वाढून यीस्ट मंदावतं आणि सिरका गोडसरच राहतो.