विमानातली हवा कोंडलेली नसते

‘विमानात एक जण खोकला की सगळ्यांना कोरोना’ हे 2020पासून ऐकू येतंय. तसं नाही. मोठ्या जेट विमानांत केबिनची हवा तासाला 20 ते 30 वेळा बदलते. साधारण निम्मी बाहेरची, बाकीची हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कणही अडकवणाऱ्या गाळणीतून, गाळलेली. धोका असतो तो जवळच्या रांगांचा, आणि विमान उभं असताना हवा बंद असेल तेव्हाचा. म्हणून चढता-उतरताना एन-95 मास्क काढू नका. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा. शेजारी जेवत असेल तर तुम्ही जेवायला थांबा, मास्क तेव्हा काढू नका.

खरी काळजी पुणे-मुंबई शेअर टॅक्सीची करा. तीन-चार तास काचा बंद आणि एसी आतलीच हवा फिरवतोय! ड्रायव्हरला बाहेरची हवा सुरू करायला सांगा, मागची काच दोन बोटं उघडी ठेवा.