एन्डोथेलियम : ‘नुसतं अस्तर’ म्हटलं गेलेला थर

इंटिमा (आतला), मीडिया (मधला, स्नायूंचा), अ‍ॅडव्हेंटिशिया (बाहेरचा) हे रक्तवाहिनीचे तीन थर शाळा-कॉलेजात पाठ केलेले असतात त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. (जुन्या मराठी पुस्तकांत धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायचे, मला तेच शब्द जास्त आवडतात.) धमनीची भिंत शिरेपेक्षा जाड असते हे प्राचीन ग्रीक वैद्यांनाही माहीत होतं, १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्याही दिसल्या, पण भिंतीत पेशी कशा बसल्यात हे कळायला एकोणिसाव्या शतकातले चांगले मायक्रोस्कोप यावे लागले.

खरा घोळ झाला तो सगळ्यात आतल्या पेशींच्या नावाचा. एकच पातळ थर, फरशा बसवाव्यात तशा चपट्या पेशी, म्हणून त्यालाही एपिथेलियमच (त्वचा, आतडी वगैरेंवर असतं तसं पेशींचं आवरण) म्हणायचे. १८६५ मध्ये बासेलच्या एका शरीररचनातज्ज्ञाने मांडलं की हे गर्भाच्या मधल्या थरातून तयार होतं, त्वचेशी किंवा आतड्याच्या आवरणाशी याचं नातं नाही, मग नाव वेगळं हवं, आणि एन्डोथेलियम हा शब्द आणला. पण त्याने छाती-पोटाच्या पोकळ्यांचं अस्तरही त्यातच घातलं, ते पुढे मेसोथेलियम म्हणून वेगळं काढावं लागलं. विरोधक म्हणायचे की मूत्रपिंडाच्या नलिकाही मधल्याच थरातून येतात, त्यांच्या आवरणाला तुम्ही एपिथेलियम म्हणता, मग इथेच उगम कशाला बघायचा? हा मुद्दा बिनतोड आहे आणि आजही कित्येक पुस्तकं एन्डोथेलियमला एकपदरी चपटं एपिथेलियमच धरतात. तरी मला वेगळं नाव योग्य वाटतं, कारण रक्त न गोठता वाहतं ठेवणं हे काम दुसऱ्या कुठल्या आवरणाकडे नाही. वाईट याचं वाटतं की नावावर एवढं भांडण झालं पण हा थर करतो काय हे फार थोड्यांनी तपासलं, शंभरेक वर्षं ते नुसतं अस्तरच राहिलं.

१९८० मध्ये चित्र पालटलं. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन टाकलं की त्या आकुंचन पावायच्या, जिवंत शरीरात मात्र त्याच औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, आणि कारण निघालं ते असं की पट्ट्या कापताना आतला थर घासला जात होता. तो शाबूत ठेवला की पट्टी सैलावायची. म्हणजे हाच थर स्नायूंना निरोप धाडतो, आणि तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झालं. या शोधासाठी १९९८ चं नोबेल तिघांना मिळालं, याच कामात वाटा असलेल्या चौथ्याला का नाही यावर बरीच चर्चा झाली.

तोवर फुग्याची अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून रुंद करणं, १९७७) आणि मग ती उघडी ठेवणारे जाळीदार धातूचे नळीसारखे स्टेंट आले होते. फुगा फुगवताना हाच थर खरवडला जातो आणि मीडियातले स्नायू वाढून वाट परत अरुंद होते, म्हणून औषध लावलेले स्टेंट निघाले, पण ते औषध एन्डोथेलियमलाही लवकर भरून येऊ देत नाही, धातू उघडा राहतो आणि त्यावर गुठळी होऊ शकते. २००६ च्या सुमारास यावरून मोठा वाद झाला. स्टेंट बसवल्यावर डॉक्टर गुठळी रोखणाऱ्या दोन-दोन गोळ्या कित्येक महिने चालू ठेवतात आणि मनाने बंद करू नका म्हणून बजावतात, ते या थरासाठी.