निर्णयप्रयोगशाळा

माणूस पैशाचे, जोखमीचे आणि वाटणीचे निर्णय कसे घेतो हे तपासण्यासाठी विद्यापीठांत उभारलेली संशोधनसुविधा. बाहेरून ती साधा संगणक कक्षच वाटते. फरक एवढाच की शेजाऱ्याच्या पडद्यावर नजर जाऊ नये म्हणून प्रत्येक संगणकाला आडोसा असतो. सहभागी बहुधा विद्यार्थीच. कोणी कुठे बसायचे हे चिठ्ठी उचलून ठरते, आपसांत बोलायला मनाई असते आणि निघताना प्रत्येकाला त्याची कमाई इतरांच्या नकळत हातात दिली जाते.

हे पैसे खरे असतात. 'तुम्ही काय कराल?' असे नुसते विचारले तर माणूस उदारपणे बोलतो. खिशाला झळ बसणार असेल तेव्हा तो काय करतो हे पाहायचे असते. दुसरा दंडक म्हणजे सहभागींशी खोटे बोलायचे नाही. सगळ्या यंत्रसामग्रीपेक्षा हा दंडक मोलाचा आहे, कारण समोर खरोखर माणूस आहे यावरचा विश्वास उडाला की पुढच्या प्रत्येक प्रयोगातले निर्णय संशयास्पद ठरतात.

अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात आपला पहिला बाजार-प्रयोग केला, तो वर्गातच, संगणकाविना. निम्मे विद्यार्थी विक्रेते, निम्मे ग्राहक. आपल्याकडच्या बाजार समितीच्या लिलावात व्यापारी बोली चढवत नेतात. इथे दोन्ही बाजू भाव पुकारत होत्या. काही फेऱ्यांतच भाव मागणी-पुरवठ्याच्या सिद्धान्ताने वर्तवलेल्या पातळीजवळ स्थिरावला. स्मिथ यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. युरोपात अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ड झेल्टन यांनी १९८४ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात अशी प्रयोगशाळा सुरू केली.

या प्रयोगांसाठीची सर्वपरिचित संगणकप्रणाली म्हणजे झुरिक विद्यापीठात उर्स फिशबाखर यांनी घडवलेली 'झेड-ट्री'. संशोधकाच्या संगणकावर 'ट्री' म्हणजे झाड, सहभागींच्या पडद्यांवर 'लीफ' म्हणजे पाने. अलीकडची 'ओ-ट्री' ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे मोबाइलवरही प्रयोग घेता येतो.

सर्वाधिक खेळवल्या गेलेल्या खेळांपैकी एक वाटणीचा आहे. गुट, श्मिटबर्गर आणि श्वार्झ यांनी तो १९८२ मध्ये मांडला. एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने वाटा घ्यायचा किंवा नाकारायचा. नाकारला तर दोघांच्याही हाती काही लागत नाही. निव्वळ हिशेब पाहिला तर एक रुपयाही घ्यायला हवा. प्रत्यक्षात तुटपुंजा वाटा मिळालेले अनेक जण पदरचे घालवून समोरच्याचेही बुडवतात. २००३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे हाच खेळ सहभागींना एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे टिपणाऱ्या, यंत्रात झोपवून खेळवला. अन्याय्य वाटा पुढे येताच मेंदूतील इन्सुला हा भाग अधिक सक्रिय झाला. माणसाने दिलेला असा वाटा संगणकाने दिलेल्यापेक्षा जास्त वेळा नाकारला गेला. मात्र 'माणसांचे' म्हणून दाखवलेले ते प्रस्तावही आधीच ठरवलेले होते. मानसशास्त्रज्ञ अशी योजना एका मर्यादेत स्वीकारतात, प्रायोगिक अर्थशास्त्रज्ञ नाही. हा मतभेद आजही टिकून आहे.

रक्कम मोठी झाली तर हा ताठा टिकतो का? श्रीमंत देशांत हे तपासणे फार खर्चाचे. म्हणून संशोधकांच्या एका गटाने ईशान्य भारतातील खेड्यांत २० ते २०,००० रुपयांपर्यंतच्या रकमा वाटायला दिल्या. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत मोठी रक्कम तिथल्या सुमारे १,६०० तासांच्या मजुरीइतकी होती. त्या पातळीवर, वाटा प्रमाणाने लहान असूनही, नकार जवळजवळ थांबले.