वाफेचं इंजिन, लोकवर्गणी आणि ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा घोळ

लातूर-बार्शी पट्ट्यात जुन्या नॅरोगेजचं वाफेचं इंजिन पुन्हा चालू करण्याचा विषय निघाला की वर्गणीचा आकडा आधी ठरतो आणि बॉयलरच्या पत्र्याची जाडी नंतर मोजली जाते. याचं मूळ बरंचसं ‘जीर्णोद्धार’ या शब्दात आहे.

रेल्वेचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येतं. ‘बार्शी लाइट’ या कंपनीची कुर्डुवाडी-बार्शी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन १८९७ मध्ये सुरू झाली. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या, तरीही १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली आणि इथल्या भुसार बाजाराचं नशीब पालटलं. १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला लागलं आणि १९५४ मध्ये कंपनीची लाइन सरकारकडे आली. आजच्या अंदाजपत्रकाच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा या लाइनचा मूळ नियम. म्हणून रूळ दर यार्ड लांबीला अवघे ३० पौंडांचे आणि सुरुवातीची इंजिनं आठ जोडचाकांची, म्हणजे वजन विभागलं जाईल अशी. अशा इंजिनावर नवा बॉयलर चढवताना त्याचं वजन आधी ताडून पाहावं लागतं. दोन टन वाढले तर रूळ दबतात आणि स्प्रिंगा बसतात.

२००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. मूळ लाइन उस्मानाबाद शहराला बगल देऊन येडशीवरून जायची, नवी शहरातून वळवली. नॅरोगेजचे रूळ निघाले. त्यामुळे इंजिन चालू झालं तरी ते पळवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. एक किलोमीटर नवी लाइन टाकायची तर जुन्याच मापाचे रूळ सुमारे ३० टन लागतात आणि स्लीपर तेराशे ते दीड हजार. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर हा खर्च सहसा नसतो.

आता तो शब्द. मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की नवा कळस येतो, सभामंडप वाढतो, कधी मूर्तीसुद्धा बदलते. देव तोच राहतो, गावाची हरकत नसते. इंजिनाच्या बाबतीत मात्र या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. गंज घासून, प्रायमर मारून, छपराखाली ठेवणं हे पहिलं. यात बॉयलरला हात लागत नाही. दुसरं जतन: मूळ भाग शक्य तितके राखायचे, इंजिन चालवायचं नाही. तिसरं, पुन्हा वाफेवर चालवणं. यात मूळ धातू मोठ्या प्रमाणात काढून टाकावा लागतो. पहिल्या आणि तिसऱ्या कामाच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्गणी देणारा तिसरं काम डोळ्यांपुढे ठेवून पैसे देतो आणि हाती पहिलं पडतं. भांडणं इथूनच सुरू होतात.

तिसरं काम करायचं ठरलं तर खरा वाद बॉयलरवर येतो: जुना दुरुस्त करायचा की नवा बांधायचा? निर्णय मोजमापाशिवाय घेता येत नाही. आधी बॉयलरवरचं आवरण उतरवायचं. त्यात ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. ते कोरडं खरवडायचं नाही. मग सगळ्या ट्यूब, म्हणजे गरम वायू जाणाऱ्या नळ्या, काढून आतून तपासणी, आणि वीत-वीत अंतरावर अल्ट्रासोनिक यंत्राने पत्र्याची जाडी. पत्रा सर्वांत आधी खातो तो फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, तळाला, फाउंडेशन रिंगच्या (तळाच्या जोडकड्याच्या) वर, कारण गाळ तिथे साचतो. नंतर वॉशआउटच्या, म्हणजे आतला गाळ धुऊन काढण्याच्या, प्लगांच्या भोवती. स्टे, म्हणजे फायरबॉक्सचा पत्रा बाहेरच्या पत्र्याशी बांधणारे दांडे, बहुधा बाहेरच्या पत्र्याजवळ तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. हातोडीने ठोकून आवाजावरून ओळखणारे कारागीर आता मोजके राहिले आहेत. शेवटी थंड पाण्याने कामाच्या दाबाच्या दीडपट चाचणी. हवेने कधीच नाही: पाण्याच्या चाचणीत नुसती गळती दिसते, दाबलेली हवा सुटली तर माणूस मरतो.

रिव्हेटचा जुना बॉयलर आणि तांब्याचा फायरबॉक्स राखण्याचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण परवडणारा नाही. एक ठिगळ लावलं की त्याच्या कडेचा पत्रा पातळ निघतो आणि खर्चाला तळ लागत नाही. वेल्डिंगचा नवा बॉयलर आणि शेजारी प्रदर्शनात जुना, हा मार्ग सरळ आहे. ब्रिटनमधली ‘वेव्हर्ली’ ही वल्हेचाकांची प्रवासी आगबोट १९७४ मध्ये एका पौंडाला हौशी मंडळींकडे आली आणि पुढच्याच वर्षी प्रवासी घेऊन निघाली. तिचे बॉयलर १९८१, २००० आणि २०२० अशा तीन वेळा बदलले. इंजिन मूळचंच आहे. २०१९ मध्ये २३ लाख पौंडांचं आवाहन झालं ते थेट बॉयलरच्या नावाने. आकडा गाठला गेला, त्यात १० लाख सरकारचे होते. आपल्याकडच्या आवाहनांत ‘वारसा’ मोठ्या अक्षरांत आणि ‘बॉयलर’ कुठेच नसतो. खरी अडचण ती आहे.

मालकीचाही प्रश्न आहे. स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन रेल्वेचं असेल तर लेखी कराराविना त्यावर लोकांचा पैसा घालणं म्हणजे दुसऱ्याच्या घराला गिलावा करणं. शिवाय १९२३ च्या बॉयलर कायद्यातून रेल्वेच्या ताब्यातले इंजिन-बॉयलर वगळलेले होते. ट्रस्टच्या मालकीचा बॉयलर त्या सवलतीत बसत नव्हता. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी, गणेशोत्सवात घेतात तशी, धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी लागते. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीने घेऊन चालत नाही.

लातूरकरांना वर्गणी नवी नाही. २०१६ च्या दुष्काळात मांजरेच्या पात्रातला गाळ लोकांनी पैसे जमवून काढला. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तीही पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे बहुतांशी जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेने. वाफेच्या इंजिनाला मात्र नुसतं पाणी पुरत नाही, ते मऊ लागतं. इथल्या बोअरचं पाणी जड. ट्यूबांवर क्षारांचा थर धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, धातू जास्त तापतो आणि ट्यूबांची टोकं गळू लागतात. पाणी मऊ करण्याचं यंत्र, टाकी आणि नियमित वॉशआउटचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.