फेस निथळू द्यावा

आषाढात रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर गेले, की लाटेमागोमाग वाळूवर पिवळसर, मळकट फेसाचा पट्टा साचलेला दिसतो आणि वारा त्याचे गोळे करून सुरूच्या बनाकडे उडवत नेतो. खवळलेल्या समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचे अवशेष, प्रथिने आणि स्निग्ध द्रव्ये हवेबरोबर घुसळली जातात, त्यातून हा फेस तयार होतो. (काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे ‘समुद्रफेस’ हे मात्र फेस नव्हेच; ते माकुलाच्या पाठीतले पांढरे कवच असते.) खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात बसवलेला प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, हीच क्रिया हातभर उंचीच्या नळकांड्यात घडवून आणतो. फरक एवढाच, की समुद्र फेस किनाऱ्यावर टाकून मोकळा होतो आणि स्किमरला तो एका कपात गोळा करावा लागतो.

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि शेवाळाचे स्राव यांतून पाण्यात जी सेंद्रिय द्रव्ये मिसळतात, त्यांतील पुष्कळांचे रेणू दुहेरी स्वभावाचे असतात. त्यांच्या एका भागाला पाणी मानवते, दुसऱ्याला मानवत नाही. असा रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर आला, की पाणी नकोसे असलेला भाग हवेकडे वळतो आणि तो रेणू तेथेच चिकटतो. म्हणजे खरे काम बुडबुड्याच्या पोटातील हवा करत नाही, त्याचा पृष्ठभाग करतो. 1 लिटर हवेचे 1 सेंटिमीटर व्यासाचे बुडबुडे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग 0.6 चौरस मीटर भरतो. तीच हवा 1 मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली, तर 6 चौरस मीटर. शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर चढतो, त्यामुळे रेणूंना त्याला गाठायला जास्त वेळ मिळतो. पंपातील काटेरी चक्र, ताक करताना रवीने करावे तसे, पाणी व हवा एकत्र घुसळते ते याचसाठी. नीट चाललेल्या स्किमरच्या नळकांड्यातील पाणी दुधासारखे पांढरे दिसते.

गोड्या पाण्यात हा पांढरेपणा टिकत नाही. तेथे दोन बुडबुडे एकमेकांना लागले, की बहुधा लगेच मिसळून मोठे होतात. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांच्यामुळे बुडबुडे एकमेकांत सहज विलीन होत नाहीत. कोकणातील काही हौशी थेट समुद्राचे पाणी आणून वापरतात. त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण पावसाळ्यात खाडीच्या मुखापाशी पाण्याचा खारटपणा फार उतरतो. तसले पाणी आणले तर बुडबुडे भरड होतात आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. टाकीतील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व 1.025च्या आसपास आहे ना, हे पाहिल्याशिवाय स्किमरच्या व्हॉल्व्हला हात लावण्यात अर्थ नाही.

आता जुळवणीकडे वळू. नळकांड्यात खाली पाणी असते, त्यावर फेस, आणि फेस ज्या अरुंद मानेतून चढून कपात पडतो ती मान सर्वांत वर. फेस मानेतून चढत असताना बुडबुड्यांच्या मधले पाणी सतत खाली निथळत असते. पाण्याची पातळी मानेच्या बरीच खाली असेल, तर फेसाला निथळायला भरपूर वाट मिळते आणि कपात थोडाच, पण डांबरासारखा दाट, सडक्या सुकटीच्या वासाचा गाळ साठतो. पातळी मानेच्या जवळ आणली, तर ओला फेसच वर जातो व कपात फिक्या चहासारखे पाणी भराभर जमते. पहिल्या प्रकारात पाणी कमी वाया जाते. दुसऱ्या प्रकारात घाण जास्त निघते, पण तिच्याबरोबर खारे पाणीही जाते आणि ते भरून काढावे लागते. माझा स्वतःचा कल किंचित ओल्या बाजूकडे आहे. कपातील पाणी कडक, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचे झाले, की मी तेथेच थांबतो.

ही पातळी दोन गोष्टी ठरवतात: बाहेर जाणाऱ्या पाण्यावरील व्हॉल्व्ह आणि स्किमर ज्या खालच्या टाकीत उभा असतो, त्या संपमधील पाण्याची उंची. (संप हा शब्द ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांना मोर्चा आठवला, तर त्यांचा दोष नाही.) व्हॉल्व्ह आवळला, की पाणी आत तुंबते व पातळी चढते, सैल केला, की उतरते. संपमधील पाणीच खालीवर होत असेल, तर व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी जुळवणी टिकत नाही. म्हणून स्किमरचा कप्पा ठरावीक उंचीच्या काचेच्या आडभिंतीने वेगळा करतात. बाष्पीभवनाने होणारी घट मग, पाणी परत वरच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या शेवटच्या कप्प्यात दिसते आणि तेथे गोडे पाणी घालून भरता येते. एवढे झाल्यावर व्हॉल्व्ह एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि पुढचा फेरा दुसऱ्या दिवशी द्यावा. फेस स्थिरावायला काही तास सहज लागतात; दर अर्ध्या तासाने फिरवणारा माणूस प्रत्यक्षात आपल्याच मागच्या चुकीचा पाठलाग करत असतो. स्किमर नवा असेल, तर तो पहिले आठवडा-दोन आठवडे लहरीपणाने वागतो, कारण कारखान्यातून आलेले तेलकट अंश धुऊन जावे लागतात आणि आतील भिंतींवर जैविक थर बसावा लागतो.

तेलाचा आणि फेसाचा उभा दावा आपल्या स्वयंपाकघरात रोजचा आहे. तुरीची डाळ उतू जाऊ नये म्हणून तीत तेलाचा थेंब सोडतात. तो फेसाच्या पडद्यावर पसरतो आणि पडदा फाटतो. टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि त्या हाताला सकाळचे खोबरेल असेल, तर स्किमरच्या बाबतीत तेच घडते: फेस बसतो आणि कप कोरडा राहतो. बांगड्याचे तुकडे खाऊ घातल्यावरही असेच होते. अशा वेळी व्हॉल्व्ह आवळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण काही तासांनी तेलाचा परिणाम ओसरतो, फेस मूळ जोमाने परत येतो आणि आवळलेल्या व्हॉल्व्हमुळे थेट कपाबाहेर वाहतो.

कपाबाहेर वाहण्याचा धडा मला विजेने दिला. आमची टाकी 4 फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे. मुसळधार पावसाच्या एका रात्री वीज गेली, पंप थांबले आणि टाकीतील पाणी निचऱ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारण 1 इंचाने, खाली उतरले. 1 इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्या क्षेत्रफळावर तो 14 लिटर होतो. हे सगळे पाणी संपमध्ये येऊन आडभिंतीच्याही वर चढले. पहाटे वीज आली तेव्हा स्किमर जास्त खोल पाण्यात उभा असतानाच सुरू झाला आणि दिवसभराची साठलेली घाण पातळ होऊन जमिनीवर आली. तो वास दोन दिवस घरात होता. त्यानंतर मी स्किमरच्या प्लगवर उशिरा चालू होणारा टायमर बसवला. आता आधी वरचा पंप 10 मिनिटे चालतो, संपची पातळी पूर्ववत होते आणि मगच स्किमर जागा होतो.

राहिली मानेची स्वच्छता. मानेच्या आतल्या बाजूला तपकिरी, ओशट लेप धरतो आणि तोच चढत्या फेसाला मोडतो. आठवड्यातून एकदा, कोकणच्या उन्हाळ्यात दोनदा, तो साबणाशिवाय नुसत्या कोमट पाण्याने व कापडाने पुसावा. साबणाचा अंश राहिला, तर फेस आवरता आवरत नाही. हवेच्या बारीक नळीच्या तोंडाशी मिठाचे खडे जमतात, तेही कोमट पाण्यात विरघळवून काढावेत. हवा कमी पडली की फेस खाली बसतो आणि व्हॉल्व्हचा काहीच संबंध नसताना माणूस व्हॉल्व्ह फिरवत बसतो. पंप दोन-तीन महिन्यांतून एकदा पातळ व्हिनेगरमध्ये भिजवला, की चक्राच्या काट्यांवर बसलेला चुन्याचा थर सुटतो. स्वच्छ मान परत बसवल्यावर काही तास कपात काहीही पडत नाही. तेवढा वेळ टाकीपासून लांब बसावे.