टायमिंग चेनची गाइड: आली कुठून, संपते कशाने

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या गाडीचं १०८९ सीसी इंजिन उघडलं की पुढच्या कव्हरखाली क्रँकच्या ताकदीने कॅम फिरवणारी आखूडशी टायमिंग चेन दिसायची. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, ब्लॉकमध्येच, पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या वर थोड्या अंतरावर, आणि वरच्या हेडमधले व्हॉल्व्ह पुशरॉड या काठ्यांनी उघडायचे. दोघांवरचे स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रं, इतके जवळ की चेनला लांब पट्टीचा आधार द्यायची वेळच येत नसे. चेन ढिली पडली की वाजायची, मिस्त्री ती बदलायचा, विषय संपायचा.

गाइड म्हणजे हीच आधाराची पट्टी. तिचा जन्म झाला तो कॅम हेडवर चढला तेव्हा. चेन लांबली, आणि लांब चेन फिरताना फडफडते. म्हणून जी बाजू ताणात असते तिला घट्ट बसवलेली गाइड, आणि ढिल्या बाजूला ऑइलच्या दाबाने चालणारा टेन्शनर जिला दाबून धरतो ती हलती पट्टी. आवाज कमी हवा, वजन कमी हवं, म्हणून रबर चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांची जागा पुढे नायलॉनने घेतली. नायलॉन चेनवर छान सरकतं, पण गरम ऑइलात वर्षानुवर्षं भिजून कडक होतं, पिवळं-तपकिरी पडतं आणि एक दिवस बोल्टच्या भोकापाशी तडकतं.

आपल्याकडे मध्येच एक वेगळं वळण आलं. १९६२ च्या जर्मन ग्लास १००४ पासून मोटारीत चेनऐवजी दातेरी रबरी पट्टा आला होता. तोच १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर घरोघरी पोचला. मुंबईतल्या मिस्त्र्यांची एक अख्खी पिढी पट्ट्यावर तयार झाली. पट्टा बाहेर, कोरडा, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा. मग चेन परतली: २००३ ची होंडा सिटी, २००७ ची डिझेल स्विफ्ट, त्यानंतर मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं. विकताना सांगितलं जायचं, चेन आहे, बघायला नको. पट्ट्याच्या खर्चाला कंटाळलेल्या मालकाला हे ऐकायला गोड वाटलं. चेन कशावर घासत फिरते हे मात्र कुणी सांगितलं नाही.

डिझेल स्विफ्टमधलं १२४८ सीसी इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने मानेसरला आणि फियाट-टाटाने रांजणगावला बनवलेलं हे एकच इंजिन कितीतरी गाड्यांत बसलं, त्यामुळे गाइडच्या कामाची चर्चा आज बहुतेक त्याच्याभोवती फिरते. डिझेलच्या ऑइलात काजळी असते. ती चेनच्या पिनांत शिरून त्या घासते, चेन लांबते, लांबलेली चेन गाइडवर आपटते आणि तिच्यात दोन चर पाडते. म्हणजे गाइड हा बहुतेक वेळा रोग नसतो, लक्षण असतं.

इथे मुंबईचा हिशेब वेगळा लागतो. ऑइल १०,००० किमीला बदलायचं ठरलंय समजा. ताशी सरासरी ६० ने गेलात तर ते सुमारे १६७ तास होतात. सायन ते अंधेरी रोज ताशी १५ ने रांगलात तर सुमारे ६६७ तास. मीटर तेवढाच फिरतो, ऑइल मात्र चौपट राबलेलं असतं. शहरात वापरली जाणारी जुनी गाडी असेल तर ५,००० ते ७,००० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते पाळावं.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली, तर टेन्शनरमध्ये ऑइल उशिरा पोचतंय. आवाज रोज लांबत गेला, किंवा स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला, म्हणजे कॅम आणि क्रँक यांचं गणित चुकलंय, तर गाडी चालवत राहू नये. चेन स्प्रॉकेटवर एखादा दात घसरली की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि बिल गाइडचं न राहता हेडचं होतं. रॅचेट टेन्शनर, म्हणजे दात्यादात्याने पुढे सरकणारा आणि मागे न येणारा, फसवतोही. तो पुढे सरकून ढील झाकत राहतो आणि वाजतो तेव्हा त्याचा पल्ला संपत आलेला असतो. चेन मोजायची असेल तर ९.५२५ मिमी पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) १०० कड्या म्हणजे ९५२.५ मिमी, अर्धा टक्का लांबली तर पावणेपाच मिमी. व्हॉल्व्हची वेळ चुकायला एवढं पुरतं.

म्हणून नुसती गाइड बदलणं म्हणजे पैसे वाया. चेन, दोन्ही पट्ट्या, टेन्शनर, दोन्ही टोकांचे स्प्रॉकेट आणि पुढचं ऑइलसील एकदमच घ्यावं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या इंजिनाची गाइड स्वस्तात मिळेल. ती तितकीच शिजलेली असते, घेऊ नये.

काम करताना क्रँक आणि कॅम लॉक करणारी त्या इंजिनाची टूलच लावावीत, खडूच्या खुणांवर भागवू नये. ऑइल चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, उतरवणं टाळायचा मोह सगळ्यांना होतो, पण तुटलेल्या नायलॉनचे तुकडे त्यातल्या पिकअपच्या, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या, जाळीवरच अडकून बसतात. ते राहिले तर ऑइल प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. नव्या चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवून टेन्शनर दाबून धरणारी पिन काढावी, मग हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्यावेत. अडलं तर जोर लावू नये, पुन्हा पाहावं. फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांवर येत नाहीत. ते बरोबरच आहे. स्प्रॉकेटच्या खुणा मात्र जुळायलाच हव्यात. स्टार्टआधी इंधन तोडून इंजिन नुसतं स्टार्टरने फिरवावं, म्हणजे टेन्शनर ऑइलने भरतो.

पहिलं ऑइल १,००० किमीला काढावं आणि ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाची घडी उलगडावी. तपकिरी प्लास्टिकचे कण दिसले, तर जाळी पुन्हा उतरवायची.